आता तिकडून बोल

मोठी आई, तुझ्या नियमाप्रमाणे पाहिले तर हे लिखाण मी तुला 'तू' म्हणून लिहिणेच चूक आहे. ज्याच्याविषयी बोलायचे, त्याच्या जागेवर जाऊन 'मी' म्हणून बोलायचे, हा तुझ्या घरचा कायदा. परंतु तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही, आणि तुझ्या जागेवर जाऊन उभे राहण्याचे धैर्य मला आलेले नाही. तेव्हा थोडा वेळ मला इकडूनच बोलू दे.

ज्यांनी तुला पाहिले नाही त्यांनाही हा कायदा कळावा, म्हणून सुरुवातीपासून सांगते. आमच्या गावची शाळा सातवीला संपत होती. आई-बाबांनी मला वर्ध्याला, बोरगाव मेघेतल्या तुमच्या घरी ठेवले. बाबांचे थोरले भाऊ ते माझे मोठे बाबा, आणि त्यांची पत्नी म्हणून तू मोठी आई. पुढे मोठ्या बाबांचे खिळे-बिजागऱ्यांचे दुकान, मागे आपण. दादाचे, म्हणजे तुझ्या एकुलत्या मुलाचे, अभ्यासावरून मन उडाले होते. तो हैदराबाद रस्त्यावरच्या जाम गावच्या चौकात एका दुकानात ट्रकचे टायर काढायला-बसवायला शिकत होता. दुपारी तू गच्चीवर जुन्या लुगड्यावर मूगवड्या घालायचीस आणि मी वाचनालयातून आणलेली कादंबरी मोठ्याने वाचायचे. तुला वाचता येत असे, पण हात रिकामे ठेवून बसणे तुला जमत नसे. म्हणून हात तुझे आणि डोळे माझे, अशी वाटणी झाली.

कादंबरीतल्या माणसांना तू पात्रे असे कधी मानलेच नाहीस. तुझ्या लेखी ती नात्यातली माणसे होती. लग्नकार्याला येत नव्हती, इतकेच. एका कादंबरीत नोकरी सुटलेला एक गृहस्थ रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडे आणि संध्याकाळी काम करून आल्यासारखा घरी परते. मी पुस्तक मिटले आणि निकाल दिला, "हा माणूस निव्वळ खोटारडा आहे."

तुझा हात थांबला नाही. "बरं. आता तिकडून बोल."

"तिकडून म्हणजे?"

"म्हंजे आता तूच तो. सांजची घरी आली. बायको दारात उभी आहे, पोट्टे भुकेले आहेत. काय सांगशीन तिले?"

"मी त्याच्यासारखी नाही पण."

"कोनीच नसते वो पोट्टे. बोल."

मी बोलले. वाईट बोलले, कारण दर दोन वाक्यांनी 'मी'चा 'तो' होत होता, आणि प्रत्येक वेळी तू बोटाला लागलेले वाटण माझ्या दिशेने उडवत होतीस. मग तू या खेळाचे मूळ सांगितलेस. हिंगणघाटला, तुझ्या माहेरी, बहिणी-बहिणींचे भांडण झाले की तुझी आई ताट वाढत नसे. एकीने दुसरीचे गाऱ्हाणे 'मी' म्हणून सांगायचे. आणि दुसरीने 'हो, हेच म्हनायचं होतं मले' असे म्हटल्याशिवाय पहिलीची सुटका नाही. मी विचारले, "मग भांडण मिटायचे का?" तू हसून म्हणालीस, "भांडन काय मिटते माय! पन भाकर गरम असेपर्यंत बोलून होऊन जाये."

तुझ्या-माझ्या वादांतला सगळ्यांत मोठा वाद ज्या कादंबरीवर झाला, तिचे नाव आजही मला ठाऊक नाही. दुकानात खिळे बांधून द्यायला आणलेल्या रद्दीत ती आली होती. मुखपृष्ठ नाही, पहिली बरीच पाने नाहीत. तू तिला 'बिनडोक्याचं पुस्तक' म्हणायचीस. एका सूतगिरणीच्या गावातली गोष्ट. धाकट्या भावाच्या हातून गोदामात जळती विडी पडते, आग लागते, चौकीदार मरतो. पकडला जातो एक हमाल. विडी पडताना पाहिलेले असते फक्त मोठ्या बहिणीने. ती कोर्टात उभी राहते आणि भावाचे नाव घेते. पुस्तकभर सारे तिला 'थोरली' म्हणतात. तिचे खरे नाव असेल, पण ते हरवलेल्या पानांत राहून गेले.

मी तेव्हा बारावीला, विज्ञान शाखेला. मला थोरली निर्विवाद पटली होती. निष्ठा म्हणजे निरीक्षणातली त्रुटी, असे मी तुला सांगितले. जवळच्या माणसाकडे पाहताना भिंग तिरपे होते. म्हणून योग्य-अयोग्य ठरवताना जवळीक वजा करावी आणि उरेल त्यावर निर्णय द्यावा. माणसाची ओळखही तशीच करावी: तो कोणाचा कोण हे बाजूला ठेवून, त्याने प्रत्यक्ष काय केले यावरून.

तू वडी घालता घालता थांबलीस. हे क्वचित होई.

"वजा करून राह्यली का तू? कर. तिले सारे थोरली म्हंतेत. कोनाची थोरली? धाकट्याची. धाकटाच वजा केला, तं ती थोरली कायची राह्यली?"

मी पुस्तकाची पाने चाळू लागले. तुला ते दिसले, आणि तू लगेच डाव टाकलास. "चाल, तू धाकटा हो. तिकडून बोल."

धाकट्याच्या जागी उभी राहून बोलताना मला एक गोष्ट सापडली, जी दोनदा वाचूनही नजरेतून सुटली होती. सबंध पुस्तकात धाकटा बहिणीला 'खोटं सांग' असे एकदाही म्हणत नाही. साक्षीच्या दिवशी सकाळी तो तिच्यासाठी नळावरून पाणी भरून आणतो आणि गप्प बसतो. मी ते बोलले तेव्हा तू म्हणालीस, "हो. हेच." आणि मग तुझी पाळी आली. तुझ्या लेखी थोरलीने भावाला खाल्ले होते, आणि तुला थोरलीच्याच जागेवर जायचे होते.

तू डोक्यावरचा पदर नीट केलास, जणू कोर्टातच उभी होतीस. "ज्या हमालाले पकडलं ना, त्याची बायको मले रोज नळावर भेटे. तीही मले ताईच म्हने. तिचं लेकरू माह्या कडेवर राहे. घरातल्या एकाची थोरली होऊ, का नळावरच्या साऱ्यायची? एकाची झाली तं बाकीच्यायनं मले ताई काऊन म्हनलं?" इथे तू एकदम थांबलीस. "बस. याच्यापुढं नाई बोलत मी. मले ती पटून राह्यली."

"मग हरलीस ना, मोठी आई?"

"हरली कायची? आज बंद केलं फक्त."

तो वाद पुढे आपण अनेकदा उघडला आणि प्रत्येक वेळी तू तिथेच बंद केलास. एक गोष्ट मात्र तुला सांगायची राहिली. त्या दिवशी, धाकट्याच्या जागेवरून बोलताना, मलाही तो पटू लागला होता. पाणी भरून गप्प बसलेला भाऊ मला वजा करता येईना. परंतु मी जिंकत होते, आणि जिंकणारी बाजू असे काही कबूल करत नसते.

पुढे मी नागपूरला शिकले, आता हैदराबादला प्रथिनांवर संशोधन करते. आमच्या साप्ताहिक बैठकीत एकदा मार्गदर्शकांनी विचारले, "निष्कर्ष मांडण्याआधीच त्यावरचे आक्षेप तुला कसे ठाऊक असतात?" मी 'घरची सवय' म्हणून वेळ मारून नेली. गच्चीवरच्या मूगवड्यांचा संदर्भ त्या खोलीत कसा द्यावा, हे कळले नाही. इथे देते. माझ्या प्रत्येक निष्कर्षाला मी आधी त्याच्या शत्रूच्या तोंडून शिव्या घालून घेते. ज्या दिवशी शत्रू समोर बसून 'हो, हेच म्हणायचे होते' असे म्हणेल, त्या दिवशीच मी लिहायला बसते. माझ्या क्षेत्रातल्या पुष्कळांना हे अजून शिकायचे आहे, आणि मला ते हिंगणघाटच्या एका स्वयंपाकघरातून आयते मिळाले. याबद्दल तुझे आभार मानले असते तर तू म्हणाली असतीस, "आभार राहू दे, उन्हातलं लुगडं उचल." म्हणून मानले नाहीत.

गेल्या दिवाळीत जेवताना तू सहज सांगावे तसे सांगितलेस, "मी देहदानाचं ठरवलं आहे."

दादाचा घास हातातच राहिला. "काऊन?"

"काऊन म्हंजे? जलमभर कॉलेज बाहेरूनच पाह्यलं. एकदा आतून पाहाचं आहे."

"असं कॉलेजात जातेत का आई?"

"जसं जाऊ देतीन तसं जाईन."

मी हसले, मोठे बाबाही हसले. दादा उठून हात धुवायला गेला आणि बराच वेळ नळ चालू होता. दुसऱ्या दिवशी तू सही केलीस, मोठ्या बाबांनी साक्षीदार म्हणून केली. मी तुला शाबासकी दिली. दादाला काय वाटते हे कोणीच विचारले नाही. तुझ्या घरात असे व्हायला नको होते, पण झाले.

तू आजारी असल्याचा निरोप आला तेव्हा मी सुट्टी काढून निघाले. हैदराबादहून येणारी बस जामला थांबते. दादा तिथले आपले टायरचे दुकान बंद करून उभाच होता. संध्याकाळी तुझ्या उशाशी बसून मी बिनडोक्याचे पुस्तक उघडले. साक्षीचे प्रकरण वाचू लागले. तू डोळे मिटलेलेच ठेवून विचारलेस, "थोरली उभीच आहे का वो अजून पिंजऱ्यात? बसव तिले. पाय दुखत असतीन." ते तुझे मला उद्देशून शेवटचे वाक्य. पहाटे तू गेलीस.

सकाळी आई-बाबा गावाहून निघाल्याचा फोन आला, आणि अंगणात बांबू आले.

"दादा, कॉलेजला कळवायला हवे," मी म्हणाले. "त्यांना वेळेची मर्यादा असते."

"मी लाकडं सांगतली आहेत."

"मोठ्या आईने सही केली आहे."

"सही तिनं केली. आग मले द्याची आहे." त्याने माझ्याकडे पाहिले नाही. "तू चार दिवसानं चालली जाशीन हैदराबादले. मले इथंच राहाचं आहे. जामच्या चौकात लोकं विचारतीन, मायले कुठं नेलं. काय सांगू त्यायले?"

"लोकांचा प्रश्नच नाही. तिची इच्छा स्पष्ट होती आणि कायद्याने..."

"कायदा नको शिकवू मले!"

शेजारच्या काकूंनी माझा दंड धरला. "जाऊ दे वो बाई. पोराचा हक्क असते तो."

कायदा पुरता माझ्या बाजूने नव्हताच. घरच्यांची संमती नसेल तर महाविद्यालय देह नेत नाही, हे मला ठाऊक होते. तुझे शब्द पाळले जाणार की नाही हे पूर्णतः दादावर होते, आणि मी त्याला हरवायला निघाले होते. मुद्दे तयार होते, क्रमाने लावलेले. पहिला मुद्दा तोंडात आला तेव्हा उघड्या दारातून तू दिसलीस. तुझे हात पोटावर ठेवलेले होते आणि त्यांत काहीही नव्हते. तुझे हात रिकामे मी प्रथमच पाहत होते.

"थांब," मी म्हणाले. "मी तिकडून बोलते."

दादाने मान वर केली. लहानपणी त्याला या खेळाचा कंटाळा होता. तू हाक मारलीस की तो सायकल घेऊन पळे. पण नियम त्याला माहीत होता. मी त्याच्या जागेवर गेले, आणि त्याच्या जागेवरून बोलायचे तर त्याच्याच भाषेत बोलणे भाग होते.

"मी तिचा एकटा पोरगा. तिले जो पाह्यजे होता तो मी नाई झालो. पुस्तकं हिनं वाचले, वाद हिनं केले, कौतुक हिचं झालं. मले कधी वाईट नाई वाटलं, कारन दवाखान्यात न्याले मीच होतो. उचलून मोरीपर्यंत न्याले मीच होतो. बोलता नाई येत मले, पन मायले उचलता येते. आता शेवटचं एक काम राह्यलं, जे फक्त मलेच करता येते. तेही ही घेऊन चालली. मी आज हात कुठं ठेवू?"

दादा पायरीवर बसला. म्हणाला, "हो. हेच म्हनायचं होतं मले."

नियमाप्रमाणे आता त्याची पाळी होती. मी ते म्हणाले नाही. म्हणण्याचा मला अधिकार नव्हता. तो आपणहून तुझ्याकडे तोंड करून बसला, आणि त्याच्या तोंडून तू बोलू लागलीस. सूर तुझा, मान हलवायची पद्धत तुझी.

"काऊन रे बापू, तुले वाटते का हिच्या नादानं मी कॉलेजात चालली? मी चवथीतून निघाली. जलमभर दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. आता मले उघडा अन्‌ वाचा म्हनलं, तं तू आगपेटी घेऊन उभा आहेस. अन्‌ हात कुठं ठेवू म्हनून विचारतं? मंग गाडीत मले कोन चढवन? ही काडीपैलवान?"

काकूंना हसू फुटले आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. मला 'हो' म्हणायचे होते, पण भलतेच बोलले, "दादा, राहू दे. तू अग्नी दे." तो म्हणाला, "नाई, कॉलेजातच." मी म्हणाले, तुझा हक्क आहे. तो म्हणाला, तिची इच्छा आहे. क्षणभर वाद पहिल्याइतकाच जोरात चालू राहिला, फक्त आम्ही जागा बदलल्या होत्या.

मोठे बाबा सकाळपासून भिंतीला टेकून बसले होते. ते उठले आणि चष्मा पुसला. "तुमचं दोघायचं झालं असंन तं मी फोन करतो. पहिल्याच दिवशी कॉलेजात उशिरा गेलेलं तिले चालनार नाई."

गाडी आली. तुला दादानेच उचलले. दोन माणसे मदतीला आली होती, त्यांना त्याने हात लावू दिला नाही. महाविद्यालयात पोचल्यावर नोंदीसाठी तुझे नाव विचारले. दादाने ते पूर्ण सांगितले, वडिलांकडचे, सासरचे, सगळे. ते ऐकताना एक क्षण मला समजेना की हे कोणाविषयी चालले आहे. इतकी वर्षे मी तुला कोणाची तरी कोणी म्हणूनच ओळखत होते, आणि तरी मी स्वतःला माणसाची ओळख कृतीवरून करणारी समजत होते. पहिली पाने माझ्याजवळही नव्हती.

व्हरांड्यात काही विद्यार्थी उभे होते, प्रथम वर्षाचे असावेत. तुला आत नेताना त्यांनी हातातले फोन खिशात ठेवले आणि सरळ उभे राहिले. दादाने ते पाहिले. परतताना जीपमध्ये तो एवढेच म्हणाला, "पोट्टे चांगले वाटले."

तेरवी झाल्यावर त्याने माझ्याकडे बिनडोक्याचे पुस्तक मागितले. आता ते जामच्या दुकानात असते. दोन ट्रकांच्या मधल्या वेळात तो वाचतो. परवा मी प्रयोगशाळेत असताना त्याचा फोन आला. "काय वो, त्या धाकट्यानं तिले खोटं बोलाले सांगतलंच नाई! पानी भरून बसला नुसता." मी म्हणाले, "मला माहीत आहे." तो म्हणाला, "मंग थोरली चुकलीच." मी काय म्हणाले असेन ते तुला सांगायला नको. टायरमध्ये हवा भरण्याच्या आवाजात तो थोरली होऊन बराच वेळ बोलला. वाद अजून बंद झालेला नाही.

आता माझी पाळी. टाळून चालणार नाही. तुझ्या जागेवर उभी राहते. ती जागा आता त्या मोठ्या, थंड खोलीत आहे, आणि समोर पांढऱ्या कोटातली ती मुले आहेत.

"पोट्टेहो, भिऊ नका. पहिले पानं नसलेलं पुस्तक आहे मी. नाव नाई सापडनार, शोधू नका. पहिले हात पाहा माहे. ते कधी रिकामे नव्हते. चुकीचं वाचलं तं पुन्हा वाचा, मले घाई नाई. जामच्या चौकात एक पोरगा टायर बसवते, त्यानं मले उचलून आनलं आहे, येवढं ध्यानात ठेवा. अन्‌ काई वाचून तुमाले मी मूरख वाटली, नाई तं हट्टी वाटली, तं वाटू द्या. पन बोलन्याच्या आधी एकदा तिकडून बोला."

एवढेच जमले, मोठी आई. 'हो, हेच म्हनायचं होतं मले' असे म्हणायला आता तू नाहीस. म्हणजे नियमाप्रमाणे माझी सुटका नाही; मला तुझ्या जागेवर पुन्हा पुन्हा उभे राहून बोलावे लागेल.

तेही बरेच झाले.